मोटर दुरुस्त न करण्याची रीत

भाडेकरूला घराबाहेर काढण्याच्या रीती पुष्कळ आहेत. भांडण उकरून काढता येते, नोटीस देता येते, दाराशी गाडी लावून वाट अडवता येते. त्यांतली एक रीत फार सभ्य समजली जाते, कारण तिच्यात कोणी कोणाला वावगा शब्द बोलत नाही. पाण्याची मोटर बिघडली की ती दुरुस्त करायची नाही, एवढेच. पुढचे काम आपोआप होते. ही रीत रामनगरात आमच्या घराच्या मागच्या अंगणात वापरली गेली, आणि सुमारे तीन आठवडे ती राबवण्याचे काम माझ्याकडे होते. हे वाक्य असे उघडपणे लिहायला मला बरेच महिने लागले.

मी खानापूरकडच्या एका शाळेत मराठी शिकवले. मुलांच्या निबंधांवर लाल शाईने शेरे मारण्यात हयात गेली. स्वतःचे म्हणून एक पान लिहिण्याचा धीर कधी झाला नाही. वर्गात बोलायला अडचण नसे, कारण तिथे काय बोलायचे ते पुस्तकात छापलेले असे. वर्गाबाहेर मात्र बसमध्ये शेजारणीला ‘खिडकी जरा लावून घेता का’ एवढे विचारण्याआधीही माझे दोन थांबे निघून जात.

निवृत्तीनंतर मी रामनगरच्या आमच्या घरी राहायला आले. सुप्याच्या धरणात वडिलांचे गाव बुडाले तेव्हा त्यांना इथे प्लॉट मिळाला होता. पुढे घर, मागे थोरल्या भावाने बांधलेल्या चार खोल्या. भाऊ वारल्यावर वहिनी मुलाकडे गोव्याला गेल्या. तो मुलगा, माझा भाचा, हॉटेलांच्या धंद्यात आहे. तो म्हणाला, “आत्या, तू तिथे राहतेसच, तर खोल्यांकडेही बघत जा.” मी ‘बरं’ म्हणाले. माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय ‘बरं’ या शब्दाने झालेले आहेत.

साठी उलटल्यावर मी जी विद्या शिकले तिची मला आजही गंमत वाटते. अंगणातल्या बोअरचे पाणी जमिनीखालच्या मोटरीने वरच्या टाकीत चढते, टाकीतून चारही खोल्यांत आणि माझ्या घरात उतरते. स्टार्टरच्या पेटीवरचे हिरवे बटण, लाल बटण, व्होल्टेजचा काटा, टाकी भरल्याचे सांगणारी आडवी नळी, प्रत्येक खोलीचा वेगळा कॉक, हे सगळे मला आमच्या मोटरवाल्या मिस्त्रीने शिकवले.

“काटा दोनशेच्या खाली असला तर बटन दाबायचं न्हाई बाई,” तो म्हणाला. “उपाशी माणसाला पळवल्यावानी हुतंय.”

ते वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले. नळाचा वायसर मी स्वतः बदलू लागले. मोटर पाणी उचलते आहे की नुसतीच फिरते आहे, हे पाइप चढलेल्या भिंतीवर तळहात ठेवून ओळखू लागले. वाऱ्यापावसात जंगलातले झाड तारेवर पडून दोन-दोन दिवस वीज गेली, तर टाकीतले पाणी चार घरांना कसे पुरवायचे याचे वेळापत्रकही मी केले होते. भाडेकरू ते पाळत. शाळा सुटली तरी एक छोटा वर्ग माझ्याकडे राहिला आहे, असे मला वाटे.

तेव्हा तीन खोल्यांत माणसे होती. चौथीत भावाचे जुने सामान होते. पहिलीत एक ट्रक ड्रायव्हर आणि त्याची बायको. दुसरीत दवाखान्यातली एक नर्स. तिसरीत भाकरीवाल्या मावशी.

मावशींविषयी नीट सांगितले पाहिजे, कारण या सगळ्यात पणाला लागले होते ते त्यांचेच. त्या अणशीकडच्या एका जंगलातल्या गावातून, नवरा वारल्यावर, एकट्या इथे आल्या होत्या. पहाटे उठून तांदळाच्या पिठाची उकड काढायची आणि उजाडेपर्यंत हायवेवरच्या तीन हॉटेलांच्या भाकऱ्या थापून तयार ठेवायच्या. हॉटेलवाले येऊन घेऊन जात. गोव्याकडे जाणारे ड्रायव्हर ‘मावशीची भाकरी हाय काय’ असे विचारून मग बाकावर बसत. हॉटेलांपासून हाकेच्या अंतरावर दुसरी खोली त्यांना मिळण्यासारखी नव्हती. ज्यांच्या खोल्या होत्या ते आता त्या पर्यटकांसाठी सजवू लागले होते. ही खोली सुटली तर मावशींना दिराच्या घरी परत जावे लागणार होते. तिथे त्यांना कोणी ‘ये’ म्हणत नव्हते, आणि तिथून रोज पहाटे भाकऱ्या पोचवणे म्हणजे अशक्यच. आणि भाकरीला पीठ लागते त्याच्या आधी पाणी लागते.

चैत्राच्या अखेरीस एका सकाळी मी बटण दाबले आणि भिंत गप्प राहिली. मिस्त्री आला, पेटी उघडली, कसलेसे यंत्र तारेला लावून पाहिले.

“कॉइल गेल्या. मोटर वर काढायची, कॉइल बांधून आणायची, परत सोडायची. दोन-तीन दिवसांचं काम. उद्या दोर घिऊन येतो.”

मी सवयीप्रमाणे भाच्याला फोन केला. “थांब जरा,” तो म्हणाला. “मी सांगतो त्याला कधी यायचं ते.” दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी भाच्याचा फोन आला, आणि त्याने मला सगळे मोकळेपणाने सांगितले. मागच्या खोल्या पाडून तिथे होमस्टे करायचा. लोक नदीत राफ्टिंगला येतात, जंगल बघायला येतात, त्यांना उतरायला जागा पुरत नाही.

“मग भाडेकरूंना तसं सांगायला हवं,” मी म्हणाले.

“सांगायचं कशाला? सांगितलं की ते मुदत मागणार, पंच आणणार. पाणी नसलं की आपसूक जातील. कुणी कुणाला वाईट नाही, तोंडाला तोंड नाही. तुझ्यासाठीच बरं आहे आत्या, तुला कुठे भांडण जमतं?”

हे शेवटचे वाक्य खरे होते, म्हणून मी अडकले. माझा भिडस्तपणा त्याला लहानपणापासून ठाऊक होता. पान्याने जसा घट्ट नट फिरवावा तसा त्याने तो बरोबर पकडून फिरवला. “मिस्त्री आला तर राहू दे म्हण,” तो म्हणाला. मी ‘बरं’ म्हणाले. संध्याकाळी मिस्त्रीचा फोन आला तेव्हा मी त्याला ‘राहू दे’ म्हणाले.

माझी गैरसोय होऊ नये म्हणून भाच्याने व्यवस्था केली होती. एक दिवसाआड रिक्षातून पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे कॅन माझ्या पुढच्या दाराशी उतरत. मागच्या दारी कोरड्या घागरी आणि पुढच्या दारी सीलबंद पाणी. हे दृश्य माझ्या घरात घडत होते, आणि रिक्षावाल्याला मी दार उघडून ‘इथे ठेवा’ म्हणत होते.

भाडेकरूंना मी काय सांगितले? “मोटर जुनी आहे, तिचा सुटा भाग मिळत नाहीये. मिस्त्री प्रयत्न करतो आहे.” असत्य बोलताना माझी भाषा इतकी शुद्ध राहील असे मला वाटले नव्हते.

बायका हापशावर जाऊ लागल्या. हापसा हायवेच्या पलीकडे, मैदानाच्या कडेला. डोक्यावर घागर घेऊन रस्ता ओलांडायचा, तर बेळगावकडून येणारे ट्रक उतारावर वेग धरलेले असत. तिथे रांग असे, आणि रांगेत बोलणे असे. ड्रायव्हरची बायको तोंडाने फटकळ. घागर उतरवता उतरवता ती अंगणात मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, “काळी नदी आडवली, आमच्या आज्ज्याची गावं बुडवली. धरणात एवढं पाणी हाय की वाघबी पोहायला शिकले असतील. आनि आमी हापशाला.”

तिचे खोटे नव्हते. वडिलांचे गाव ज्या पाण्याखाली गेले त्या पाण्यावर दूरदूरच्या शहरांत दिवे लागतात. त्या पाण्याच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बायका घागरी वाहतात. या गोष्टीची चीड घेऊनच आमच्या घरातली मुले मोठी झाली. वडील उन्हाळ्यात तलाव आटला की कोणत्या अंगाला कोणाचे शेत होते ते बोट दाखवून सांगत. ज्यांना विचारल्याशिवाय पाण्याने उठवले त्यांच्या नातवाने भाडेकरूंना विचारल्याशिवाय पाण्यावाचून उठवावे, आणि त्यात त्यांच्या मुलीने हातभार लावावा, याला काय म्हणावे ते मला अजून कळत नाही. धरणवाल्यांनी निदान कागद तरी पाठवले होते.

पहिल्यांदा नर्स गेली. तिची दवाखान्याची पाळी आणि हापशाची रांग यांचा मेळ बसेना. तिचे सामान टेम्पोत भरताना मी गादीचे एक टोक धरले होते. ती मलाच समजावत होती. “तुमचा काय इलाज बाई? मोटरीपुढे कोणाचं चालतं?”

त्याच आठवड्यात एका सकाळी माझे मागचे दार उघडले तर पायरीवर भरलेली घागर होती, वर ताटली झाकलेली. मावशी आपल्या दारात चूल सारवत होत्या.

“हे कोणी ठेवलं?”

“ठेवली मी. कॅनचं पाणी प्यायला झालं. भांडी कशानं घासतासा? आंघोळीला काय करतासा?”

“मावशी, तुम्ही कशाला... तुम्हालाच इतकं लागतं.”

“आमच्याकडं इहीर आटली की पयली घागर एकट्या बाईच्या दारात जात्या,” त्या म्हणाल्या. “ती मागत न्हाई न्हवं. ज्येच्या घरात चार तोंडं हायत त्ये मागतंय, भांडतंय. एकटं माणूस गप बसतंय. म्हणून त्येला आधी घालायचं.”

मी ती घागर आत घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. तिसऱ्या दिवशीही. नाकारायची तर कारण सांगावे लागले असते, आणि खरे कारण एकच होते. म्हणून मी रोज घागर आत घेत गेले, रिकामी करून, घासून परत पायरीवर ठेवत गेले. हायवे ओलांडून आलेले ते पाणी मी आंघोळीला वापरले. हे मी कोणाच्या तरी दडपणाखाली केले असे आता म्हणता येईल, पण ते खरे नाही. मी ते संकोचाने केले, आणि संकोच हा काही सद्गुण नाही, हे मला तोवर कोणी शिकवले नव्हते. मीही वर्गात त्याला ‘विनय’ म्हणून शिकवत आले होते.

मावशींचे काम मागे पडू लागले. पहाटे हापशावर नंबर लावायचा, तर उकड काढायला उशीर. उजाडल्यावरही भाकऱ्या थापायच्या राहिलेल्या. एका हॉटेलवाल्याने आठवडाभर वाट पाहिली आणि मग दुसरीकडून भाकऱ्या घ्यायला सुरुवात केली. मावशींचा उजवा खांदा सुजला. त्या डाव्या हाताने थापू लागल्या, तर भाकरी एका बाजूला जाड होऊ लागली. ती त्यांनी मला दाखवली, ओशाळून हसल्या.

मग एका दुपारी त्या माझ्या मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“बाई, खरं सांगा. मोटर हुणार न्हवं? न्हाईतर मी दिराला निरोप धाडतो. त्यो काय हसणारच हाय, पन आधी सांगितलेलं बरं.”

त्या क्षणी बोलायला हवे होते. माझ्या तोंडून दोनच शब्द निघाले. “होईल की.”

“मग आनखी धा दिवस काढतो,” असे म्हणून त्या गेल्या.

पुढच्या रविवारी भाचा आला. सोबत मिठाईचा पुडा आणि एक जाड लिफाफा होता. मी चहा ठेवला.

“ती भाकरीवाली अजून आहे?” त्याने विचारले.

“आहे.”

“चिवट आहे,” तो हसून म्हणाला, आणि चहा पिऊ लागला. तो चहा मी मावशींनी आणलेल्या पाण्याचा केला होता. घोट घशाखाली उतरताना मी त्याच्याकडे बघत राहिले.

त्याने लिफाफा पुढे केला. “फक्त सही लागेल आत्या, तीन ठिकाणी. फुल्या मारून ठेवल्यात. बँक त्याशिवाय पुढे सरकत नाही.”

“कसला कागद आहे?”

“हक्कसोड. नावापुरता असतो गं.”

मी पेन हातात घेतले होते. शाळेत तीस-पस्तीस वर्षे सह्या केल्या; प्रगतिपुस्तकांवर, हजेरीपटावर, रजेच्या अर्जावर. पण वाचल्याशिवाय सही करायची नाही ही एवढी एकच गोष्ट मी भीड न धरता पाळली होती. त्या सवयीनेच मी म्हणाले, “ठेवून जा. वाचून करते.”

“माझ्यावर विश्वास नाही का?”

“तसं नाही. सवय आहे.”

तो जरा नाराज होऊन, पण निर्धास्त मनाने गेला. दुपारी मी चष्मा लावून बसले. कागद कन्नडमध्ये होता. मला कन्नड सावकाश वाचता येते, बोट ठेवून. वडिलांच्या प्लॉटवर, त्यावरच्या घरावर, खोल्यांवर आणि ‘जलस्रोतावर’ असलेला माझा अर्धा हक्क मी राजीखुशीने सोडते आहे, असे त्यात लिहिले होते. ती ओळ मी तीनदा वाचली. अर्धा हक्क सोडायचा, तर तो आधी असला पाहिजे.

वडील गेल्यावर प्लॉटच्या उताऱ्यावर भावाच्या नावाखाली माझेही नाव चढले होते. भावाने ते मला एकदा सांगितलेही होते. पण लग्नपत्रिकेवर ‘आपले नम्र’च्या खाली घरातल्या सगळ्यांची नावे छापतात, तसेच रीत म्हणून ते लिहिले गेले असावे, अशी माझी समजूत होती. माहेरच्या उताऱ्यावरचे नाव म्हणजे माहेरचा मान. त्याचा उपयोग काही करायचा असतो, हे आमच्याकडच्या किती बायकांना माहीत आहे कोण जाणे. मी शिकलेली, शिकवलेली. मला माहीत नव्हते. स्वतःच्या अंगणातल्या स्वतःच्या बोअरची मोटर दुरुस्त करण्यासाठी मी तीन आठवडे दुसऱ्याच्या परवानगीची वाट बघत होते, आणि वाट बघताना शेजारणीने वाहून आणलेले पाणी वापरत होते.

मला राग यायला वेळ लागतो. त्या दुपारी मात्र तो आला आणि बसूनच राहिला. भाच्याचा आला, त्याच्या त्या ‘आपसूक’ या शब्दाचा आला. आपसूक काही होत नाही. पाणी आपसूक बंद राहत नाही. ते बंद ठेवायला कोणालातरी रोज सकाळी उठून गप्प बसावे लागते. ते काम कोणी केले, हे मला चांगले माहीत होते.

मी मिस्त्रीला फोन लावला. काय बोलायचे ते आधी वहीत लिहून घेतले होते, पण पहिल्या वाक्यानंतर वहीचा उपयोग झाला नाही.

“मोटर काढायची आहे. उद्याच या.”

“तुमच्या भाच्यानं हात लावायचा न्हाई म्हटलंय बाई. उद्या मी काढायलो, आनि त्यो येऊन भांडला तर?”

“बोअर माझी आहे.”

“आँ?”

“उताऱ्यावर माझं नाव आहे. अर्धी माझी आहे. मी सांगते आहे, काढा.”

तो म्हणाला, “असं हाय की. मग आजवर कुठं झोपला हुता?” हे त्याने चेष्टेत विचारले, पण मला ते चेष्टेत घेता आले नाही. “येतो सकाळी दोर घिऊन. माणसं तेवढी जमवा, सात-आठ तरी. आनि पयला हात मालकाचा लागतोय दोराला. त्यो तुमचाच आता.”

भाच्यालाही मी फोन केला. ‘सही करणार नाही’ एवढेच सांगितले. “आत्या, तू अशी नव्हतीस,” तो म्हणाला.

“नव्हते,” मी म्हणाले.

सकाळी अंगणात माणसे जमली. ड्रायव्हर त्या दिवशी घरी होता. समोरच्या चहाच्या गाडीवरचे तिघे आले. ड्रायव्हरची बायको पदर खोचून उभी राहिली. मावशी पिठाचे हात धुऊन आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला कित्येक दिवसांत न दिसलेला हुरूप होता. मिस्त्रीने बोअरपाशी हळद-कुंकू वाहिले आणि नारळ माझ्या हातात दिला. मी तो दगडावर दोनदा आपटला. तो नुसताच उडाला.

“बाई, खडू न्हवं त्यो,” ड्रायव्हरची बायको म्हणाली. “तुटला तर तुटू दे म्हणून आपटा.”

तिसऱ्यांदा फुटला. मी दोराला हात लावला आणि ओढायला सुरुवात झाली.

दोनशे फूट काळा पाइप वर काढायचा तर तो गुंडाळता येत नाही. तो हातांवर तोलत, एकामागे एक उभे राहून, बोळातून चालत न्यावा लागतो. मध्ये कोणी हात सोडला तर सगळे वजन पुढच्यावर येते आणि पाइप दुमडतो. पाइप गार होता, तांबड्या गाळाने बुळबुळीत. मी मध्ये होते, माझ्या मागे मावशी, त्यांच्या मागे ड्रायव्हरची बायको. तोंडाशी उभा राहून मिस्त्री ओढत होता आणि सवयीप्रमाणे बडबडत होता.

“ह्ये काम कवाच झालं असतं. मी दोर घिऊन निघालो हुतो, तवर ह्यांच्या भाच्याचा फोन. राहू दे म्हणाला. बाईंना इचारलं, तर त्याबी म्हणाल्या राहू दे. मला वाटलं, दुसरी बोअर मारतायत जणू.”

त्याच्या मनात काही नव्हते. तो पुढचा हात टाकत राहिला. माझ्या मागे पाइप क्षणभर थरथरला.

“बाई म्हणाल्या?” मावशींनी विचारले. मला मागे वळता येत नव्हते. “तुमाला ठावं हुतं?”

“होतं.”

“पयल्या दिसापासनं?”

“चौथ्या दिवसापासून,” मी म्हणाले. असल्या वेळीही माझ्या तोंडून अचूक उत्तर निघाले, याची मला आजही शरम वाटते.

“आनि आमाला पार्ट मिळंना म्हणून सांगत हुता,” ड्रायव्हरची बायको म्हणाली. “नर्सबाई रडत गेली की हो.”

पाइप पुढे सरकत होता, आणि आम्ही त्याच्याबरोबर, एकमेकींचे तोंड न बघता, बोळातून चालत होतो. मग मावशी हळू आवाजात म्हणाल्या, “मग घागर का घेतली?”

मिस्त्री ओरडला, “थांबू नका, वढा. मोटर अर्ध्यात हाय.” आणि आम्ही ओढत राहिलो. मावशींनी हात सोडला नाही. त्यांना सोडता आला असता.

मोटर निघाली, तिची कॉइल बांधून यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत माझ्या पायरीवर काही नव्हते. मी स्वतः हापशावर गेले. रांगेत ड्रायव्हरच्या बायकोने माझी घागर डोक्यावर चढवून दिली आणि म्हणाली, “मान ताठ ठेवा. हिथं वाकून चालत न्हाई.” ती पहिली घागर मी मावशींच्या दारात नेऊन ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिले.

“माझे हात हायत अजून,” त्या म्हणाल्या. “न्या तुमची.”

मी ती परत आणली. रस्ता ओलांडतानापेक्षा अंगण ओलांडताना ती जड वाटली.

तिसऱ्या दिवशी मोटर खाली सोडली. आधी तांबडे पाणी आले, मग गढूळ, मग स्वच्छ. ड्रायव्हरच्या बायकोने नळाखाली डोके धरले. मावशींनी सगळी भांडी भरून घेतली. लहान वाट्यासुद्धा.

संध्याकाळी त्या माझ्या पुढच्या दाराला आल्या. इतक्या वर्षांत पुढच्या दाराने त्या पहिल्यांदाच येत होत्या.

“दिराला निरोप धाडत न्हाई मी,” त्या म्हणाल्या. “हितंच ऱ्हाणार.”

“राहाच. तुम्हाला कोणी उठवणार नाही. मी लिहून देते, हवं तर स्टॅम्पावर.”

“लिवलेलं मला काय करायचंय? पेटीची चावी द्या.”

स्टार्टरच्या पेटीला कुलूप असते. त्याची चावी माझ्या कमरेला होती.

“मोटर मी लावणार. मला पहाटं लागतंय पाणी, तवा तुमी झोपलेल्या असतासा.” हे खरे कारण नव्हते, आणि ते आम्हा दोघींनाही समजत होते. मी चावी काढून दिली. त्यांनी ती मंगळसूत्राच्या जागी घातलेल्या काळ्या दोऱ्यात ओवली आणि गेल्या.

तो कागद अजून कपाटात आहे, तीन फुल्यांसकट. भाचा फोन करत नाही. वहिनींनी एकदा केला. “एका परक्या बाईसाठी घरच्या पोराचं नुकसान केलंस,” त्या म्हणाल्या. मी ‘बरं’ म्हणाले नाही. मी म्हणाले, “वहिनी, ज्याच्या दारात ती पाणी ठेवत होती ते घर तुमच्याही मुलाचं आहे,” आणि फोन ठेवला.

नर्सच्या खोलीत आता एक शिक्षक जोडपे राहते. मावशींनी दोन हॉटेले टिकवली. तिसरे गेले ते गेलेच. पहाटे मोटर त्याच लावतात आणि टाकीच्या आडव्या नळीतून पाणी सांडायच्या आत बंद करतात, माझ्याहून नेमकेपणाने. व्होल्टेजचा काटा दोनशेवर आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हे मी त्यांना एकदा सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, “ठावं हाय मला.”

दुपारी कधी माझ्या घरातले पाणी संपते. मग मला अंगण ओलांडून त्यांच्या दाराशी जावे लागते. त्या तव्यापुढे बसलेल्या असतात. मी आलेली त्यांना दिसते, पण त्या वर बघत नाहीत. मी काही बोलेपर्यंत त्या मला तशीच उभी ठेवतात, आणि बोलायला मला अजूनही वेळ लागतो.

“मावशी, मोटर लावता का जरा?”

“लावतो की,” त्या म्हणतात, आणि हातातली भाकरी आधी तव्यावर टाकतात.